पुस्तकवेड्या मुलांच्या हाताला काम



तुमची आणि माझी गाठ पडते ती बियाणे, खते आणि रोगकिडी यांच्या निमित्ताने. आज मात्र थोडे घरातले बोलणार आहे. पुस्तक दिसले की जेवणाची हाक ऐकू न येणारे एखादे मूल तुमच्या घरात असेल, तर हा लेख त्याच्यासाठी आहे. पण वाचायचा आहे तो तुम्ही, त्याच्या आईवडिलांनी.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गुलाबी बोंडअळीच्या बंदोबस्तासाठी कपाशीच्या भागात गावोगाव फिरत होतो. दुपारी एका शेतकऱ्याच्या ओसरीवर टेकलो. त्यांची मुलगी, सातवीत असेल, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिथेच घोटाळत राहिली. तिची नजर माझ्या पिशवीतल्या घडीपत्रिकांवर होती.

"साहेब, नवी आलीय का?" तिने विचारले. मागच्या खेपेला दिलेली पत्रिका तिला जवळजवळ पाठ होती. वडिलांकडे बघत ती म्हणाली, "त्यात लिहिलंय, फरदड घेऊ नका म्हणून. आमचे बाबा दरसाल घेतात."

वडील ओशाळून हसले, मीही हसलो. पण मनात आले, बोंडअळीची पत्रिका गोष्टीसारखी वाचणाऱ्या या मुलीला घरात दुसरे काही वाचायला नाही की काय?

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. तिने शाळेतून गोष्टीचे एक पुस्तक घरी आणले होते. ओसरीच्या कडेला ठेवून ती भाकरी खायला उठली आणि तेवढ्यात दावणीची शेळी सुटून आली. तिने मधली चार पाने खाल्ली. शाळेच्या नियमाप्रमाणे पुस्तकाची किंमत भरावी लागली. पुस्तक घरी राहिले, पण ते पेटीच्या तळाशी गेले.

"साहेब, दाम मोजून फाटकं पुस्तक पदरात पडलं," वडील म्हणाले. "आता पुन्हा पुस्तक घरी आणायचं नाही, असं सांगून ठेवलंय तिला."

त्यांचे तरी काय चुकले? हातात चार पैसे मोजून येणाऱ्या घरात पुस्तकाचा दंड म्हणजे लहान गोष्ट नव्हे. पण मुलगी खाली मान घालून जे बोलली ते माझ्या कानात राहिले. "साहेब, त्या चार पानांत काय झालं ते मला अजून कळलं नाही."

परत येताना विचार करत होतो. आपण मुलांना विळ्याला धार लावायला शिकवतो, वासराला चारा टाकायला शिकवतो, तुटलेले दावे वळायला शिकवतो. पुस्तकाच्या बाबतीत मात्र आपण एवढेच सांगतो, "फाडू नकोस." फाटले तर काय करायचे, ठेवायचे कुठे, हे कोणी दाखवत नाही. मग एक पुस्तक फाटते आणि मुलाचे वाचनच बंद होते. हे टाळायचे असेल तर मुलाच्या हाताला थोडी कारागिरी द्यावी. खाली सांगितलेल्या वस्तूंना बाजारातून फारसे काही आणावे लागत नाही. आठ-नऊ वर्षांचे मूल त्या करू शकते. फक्त चूल, दाभण आणि विळी यांच्या कामाला मोठे माणूस जवळ असावे.

१. घरची खळ आणि फाटक्या पानाची दुरुस्ती

२ चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. त्यात आणखी पाणी घालून एकूण पाणी १० चमचे होऊ द्या. मंद आचेवर सारखे ढवळत राहा. पिठाचा पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवा. गार झाल्यावर स्वच्छ फडक्यातून गाळा. ही खळ थोडीच करावी आणि दोन दिवसांत संपवावी. टिकावी म्हणून काही जण तुरटी घालतात, पण तुरटीतल्या आम्लाने कागद पुढे ठिसूळ होतो. त्यापेक्षा ताजी खळ बरी.

पुस्तक बांधणारे कारागीर किडीसाठी खळीत मोरचूदही घालत आले आहेत. ते घरी करू नका. बोर्डो मिश्रण करताना मोरचूद पोटात जाऊ नये म्हणून आपण किती जपतो! आणि मुले तर बोट चाटून पान उलटतात.

फाटलेल्या पानासाठी पतंगाचा पांढरा कागद किंवा नव्या चपलांच्या खोक्यात येतो तसला पातळ कागद घ्या. त्याची बोटभर रुंदीची पट्टी कात्रीने न कापता हाताने फाडा. फाडलेल्या कडेला कागदाचे तंतू मोकळे राहतात आणि ते पानाला चांगले धरतात. फाटलेल्या कडा नीट जुळवा, पट्टीला खळीचा अगदी पातळ हात द्या आणि वरून बोटाने दाबा. पानाच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा स्वच्छ तुकडा ठेवून पुस्तक मिटा आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवा. सकाळी फाटल्याची रेघ शोधावी लागेल.

चिकटपट्टी वापरू नका. आज ती सोपी वाटते, पण काही वर्षांनी ती सुटते आणि तिचा पिवळा, चिकट डाग कायमचा राहतो.

२. उरलेल्या पानांची शिवलेली वही

वर्ष संपले की मुलांच्या वह्यांत कोरी पाने उरतात आणि ती रद्दीत जातात. ती काढून घ्या. मधे दुमडलेली ८ जोडपाने एकात एक घातली की ३२ पृष्ठांची वही होते. वर जुन्या दिनदर्शिकेच्या जाड कागदाचे वेष्टन घालावे, छापील बाजू आत आणि कोरी बाजू बाहेर.

घडीच्या रेषेवर दाभणाने तीन भोके पाडा, एक मध्ये आणि दोन वर-खाली. गोधडी शिवायचा दोरा वहीच्या उंचीच्या अडीचपट घ्या. सुई वहीच्या आतून मधल्या भोकातून बाहेर काढा आणि दोऱ्याचे टोक आत राहू द्या. बाहेरून वरच्या भोकातून आत या. आतल्या बाजूने थेट खालच्या भोकापर्यंत जा आणि तेथून बाहेर पडा. शेवटी बाहेरून मधल्या भोकातून आत या. आता दोऱ्याची दोन टोके आत आली. मधून गेलेल्या लांब टाक्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरे टोक घेऊन गाठ मारा. ही वही वर्षभर सुटत नाही.

कागद निवडताना एक गोष्ट मुलाला दाखवा. बांबू उभा चिरला तर सरळ फाटतो, आडवा फाटत नाही. कागदालाही तशीच एक दिशा असते. एका बाजूने फाडला तर सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूने वेडावाकडा. सरळ फाटण्याची दिशा वहीच्या शिवणीला समांतर ठेवली की पाने सहज उलटतात आणि वही मिटलेली राहते.

या वहीचे काय करावे? वाचलेल्या पुस्तकाचे नाव, कोणी दिले, केव्हा परत केले आणि काय आवडले, हे मुलाने त्यात लिहावे. जमाखर्चाच्या वहीसारखीच ही वाचनाची वही. दुसऱ्याचे पुस्तक वेळेवर परत जाते, हा तिचा आणखी एक फायदा.

३. पुस्तकाचा रुमाल

आपल्या वाडवडिलांनी पोथ्या कशा टिकवल्या? कापडात बांधून. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे मोडी कागद ठेवलेले आहेत, तेही कापडाच्या गाठोड्यांत. त्या गाठोड्यांना तेथे 'रुमाल' म्हणतात आणि असे हजारो रुमाल तेथे आहेत. मूल पाठीवर घेऊन जाते त्यालाही आपण दप्तरच म्हणतो.

जुन्या धोतराचा किंवा सुती लुगड्याचा ५० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन घ्या. नेहमीच्या आकाराच्या गोष्टीच्या पुस्तकाला तो पुरतो. कापड धुतलेले असावे, पण त्याला कांजी नको. कसर नावाची चंदेरी कीड पिठूळ पदार्थावर येते आणि मग कागदही कुरतडते. रंग जाणारे नवे कापडही नको. चारी कडा दुमडून साधा टाका घाला. एका कोपऱ्याला ७५ सेंटिमीटर लांबीची नाडी शिवा.

कापड शंकरपाळ्यासारखे, म्हणजे नाडीचा कोपरा वर येईल असे पसरा. मध्ये पुस्तक ठेवा. आधी खालचा कोपरा, मग डावा-उजवा आणि शेवटी नाडीचा कोपरा पुस्तकावर घ्या. नाडी दोनदा गुंडाळून टोक आत खोचा. गाठ मारू नका. धूळ, भाजीच्या पिशवीची ओल आणि वाटेतला पावसाचा शिंतोडा यांपासून पुस्तक वाचते.

४. कप्प्यांची झूल

इथे मला माझीच फजिती सांगितली पाहिजे. वाळवीवर मी किती गावांत बोललो असेन याची गणती नाही. जमिनीतून ओल धरून ती कशी येते, मातीच्या नळ्या करून अंधारातून कशी चढते, सारे सांगायचो. आणि माझ्या स्वतःच्या घरी, माझी कॉलेजची पुस्तके आणि मुलीचे जपून ठेवलेले 'किशोर'चे अंक भरलेली लाकडी पेटी मातीच्या भिंतीला टेकून जमिनीवर होती. एका दिवाळीला पेटी उघडली तर वरचा थर शाबूत आणि खाली नुसती माती. मुलगी काही बोलली नाही. माझे व्याख्यान तिने अनेकदा ऐकलेले होते, हीच मोठी बोलणी!

तेव्हापासून नियम केला, पुस्तक जमिनीला लागू द्यायचे नाही आणि भिंतीलाही नाही. पेटी असेल तर चार विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर, आणि महिन्यातून एकदा हलवून पाहा. मुलाची रोजची दहा-बारा पुस्तके ठेवायला मात्र टांगती झूल उत्तम.

धुतलेले गोणपाट किंवा जाड चादर घ्या, ६० सेंटिमीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर उंच. कप्प्यांसाठी ७५ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर उंच अशा दोन पट्ट्या कापा. पट्टी मुद्दाम जास्त लांब घेतली आहे. प्रत्येक पट्टीत तीन कप्पे करायचे आणि दर कप्प्याला ५ सेंटिमीटरची चूण घालायची, म्हणजे पुस्तकाच्या जाडीला जागा मिळते. पट्टीची खालची कड आणि कप्प्यांमधल्या उभ्या रेषा दुहेरी दोऱ्याने शिवा. वरच्या आणि खालच्या कडेला दुमड घालून त्यांत बांबूची एकेक कामटी सरकवा. वरच्या कामटीला सुतळी बांधून झूल खुंटीला लावा. खालच्या कामटीमागे बांबूचा एक तुकडा बांधला की झूल भिंतीपासून सुटी राहते.

उंची किती? शेळीच्या तोंडाच्या वर आणि मुलाच्या हाताच्या आत. फार उंच टांगली तर पुस्तके सुरक्षित राहतील, पण कोणी वाचणार नाही.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. खताच्या किंवा औषधाच्या रिकाम्या पिशव्या आणि खोकी या कामाला वापरू नका. पुस्तकांवर कीटकनाशकाची पूडही टाकू नका. पूर्वी घरोघरी वापरली जाणारी बीएचसी पावडर १९९७ पासून आपल्या देशात बंद आहे, आणि तिच्या जागी दुसरी एखादी पूड घेणे हाही मार्ग नव्हे. डांबराच्या गोळ्या लहान मुले गोळ्या समजून तोंडात घालतात. कडुनिंबाचा सुका पाला ठेवायला हरकत नाही, पण तो वरचेवर बदला आणि त्याने वाळवी थांबेल अशी आशा ठेवू नका. कोरडी जागा, हवा आणि मधून मधून हाताळणे हेच खरे औषध. पुस्तके कडक उन्हात न घालता सावलीत वारा द्यावा. उन्हाने कागद पिवळा पडतो.

५. मक्याच्या सालपटाची वाचनखूण

वाचता वाचता उठावे लागले की मुले पानाचा कोपरा दुमडतात. पुढे तो तुकडाच पडतो. त्याऐवजी वाचनखूण करू द्या.

मक्याच्या कणसाची आतली, मऊ, पांढरी सालपटे घ्या. वाळलेली असतील तर दहा मिनिटे पाण्यात भिजवा. अर्ध्या बोटाएवढ्या रुंदीच्या तीन पट्ट्या करून एका टोकाला दोऱ्याने बांधा आणि वेणी घाला. वीतभर झाली की दुसरे टोक बांधा. जुन्या वर्तमानपत्रात घालून पाट्याखाली दोन-तीन दिवस ठेवा. पूर्ण वाळल्याखेरीज पुस्तकात घालू नका, नाहीतर पानाला बुरशी धरेल.

मोरपंखीच्या झाडाचे 'विद्येचे पान' मुले वहीत ठेवतात, तुम्हीही ठेवले असेल. तेही असेच कागदात वाळवून मग ठेवावे. पिंपळाचे पान तीन-चार आठवडे पाण्यात कुजू दिले आणि मऊ ब्रशने हलके घासले की नुसती जाळी उरते. ती मुलाला भिंगातून पाहू द्या. पानातल्या अन्नपाण्याच्या वाटा मला वर्गात फळ्यावर दाखवल्या होत्या. त्या मुलाला घरबसल्या हातात मिळतील.

गेलेली चार पाने

आता त्या मुलीकडे परत जाऊ. तालुक्याच्या वाचनालयात तेच पुस्तक मिळाले. ते माझ्या नावावर घेतले आणि पुढच्या फेरीला तिला नेऊन दिले. ओसरीवरच उभी राहून तिने आधी ती चार पाने, म्हणजे आठ पृष्ठे वाचून काढली. तिची आई चुलीपुढून उठून दारात आली आणि म्हणाली, "मोठ्यानं वाच की गं." मग तिने ती पुन्हा मोठ्याने वाचली.

त्यानंतर कामाला लागलो. शिवणीजवळ शेळीने सोडलेल्या पानांच्या बोटभर पट्ट्या होत्या. ती त्या ओढून काढणार होती. मी थांबवले. शिवलेल्या पुस्तकात प्रत्येक पानाला शिवणीपलीकडे जोडीचे पान असते. एक उपटले की दुसरे सुटते. म्हणून पट्ट्या तशाच ठेवल्या. तिने त्याच मापाचे कोरे कागद कापले आणि पुस्तकातला मजकूर एकेक ओळ पाहून सुवाच्य अक्षरात उतरवला. पूर्वी पोथ्या अशाच हाताने लिहून काढत. मग पट्टीला खळीचा पातळ हात देऊन एकेक पान जागच्या जागी चिकटवले. यात दोन रविवार गेले.

दुरुस्त केलेले पुस्तक तिने आपण होऊन शाळेत नेऊन दिले. गुरुजींनी ते कपाटात ठेवले आणि त्या दिवशी तिला दुसरे पुस्तक घरी नेऊ दिले. वडील काही बोलले नाहीत. पण पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ओसरीच्या खुंटीला गोणपाटाची झूल होती आणि वरची कामटी वडिलांनीच तासलेली होती.

पुस्तके शहरातच शोभतात असे कोणी म्हणेल, तर त्याला सातारा जिल्ह्यातले भिलार दाखवा. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्यांचे ते गाव. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचे गाव' झाले आणि गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरांत पुस्तकांना जागा दिली. आपल्याला साऱ्या गावाचे नको, एका खुंटीचे जमले तरी पुष्कळ.

आणि यात घराचाही फायदा आहे. औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण सर्वांत जहाल विषाचा आणि हिरवा त्यामानाने सौम्य, हे वाचून सांगणारे मूल घरात असणे केव्हाही बरे. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख आणि सातबारावरची नोंद तेच मूल उद्या वाचणार आहे. आज ते गोष्टी वाचते आहे.

येत्या सुटीत पाऊस किंवा ऊन यांमुळे शेतातले काम थांबेल, तेव्हा एक दुपार काढा. चमचाभर मैद्याची खळ करा आणि घरातले सर्वांत फाटके पुस्तक मुलापुढे ठेवा. पहिली पट्टी वाकडी बसेल. बसू द्या. दुसरी सरळ बसते.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. तिच्या वडिलांनी फरदड सोडली का, असे तुम्ही विचाराल. सोडली. माझी पत्रिका तिने त्यांना रोज जेवताना वाचून दाखवली, असे ऐकतो.